बैल लहान होत जातो, ते पुस्तक

टोकावडे, ता. मुरबाड
६ ऑगस्ट २००१

दीपेशदादा,

मी सुदामची बहीण रंजिता. दीड वर्षापूर्वी त्याला जपानहून आणलं तेव्हा तुम्ही सोबत आला होतात आणि आमच्या अंगणात हातातली बॅग खाली न ठेवता दोन तास उभे होतात. त्या दिवसातलं मला एवढंच नीट आठवतं, ती बॅग. चहा घ्या असंही तुम्हाला कुणी म्हणालं नाही. राहून गेलं.

पत्राचं कारण असं की कंपनीने मागाहून पाठवलेली त्याची ट्रंक आजवर माळ्यावरच होती. बा 'उघड' म्हणाला नाही आणि 'उघडू नको'ही म्हणाला नाही. तो आता फारसं काही म्हणतच नाही. या पावसात माळा गळला म्हणून ट्रंक खाली काढावी लागली. आत दोन स्वेटर, एक बुटांचा जोड, छोटी डिक्शनरी, एक वही आणि एक पुस्तक. पुस्तकाला त्याने खाकी कव्हर घातलंय, शाळेत घालायचा तसं, दोन्ही बाजूंनी घट्ट दुमडून. वर नाव नाही.

आत सगळी चित्रंच. तुम्ही लोक मांगा म्हणता ते हेच ना? वहीत त्याने जपानी अक्षरं आणि समोर आपली अक्षरं लिहून ठेवली आहेत. अंगणवाडी सुटली की मी रोज दहा अक्षरं गिरवते. जपानी शिकायची हौस आहे असं समजू नका. दुसरं काही करावंसं वाटत नाही, आणि हे करताना काही वाटावं लागत नाही.

गोष्ट मला लागली ती सांगते. सुरुवातीला बर्फातलं घर आणि रिकामा गोठा. माणूस नाही, बोलणं नाही, फक्त गोठ्यातल्या अंधारावर मोठ्या अक्षरांत एक शब्द. अक्षरं लावली तर शी, मग लांब रेघ, मग न. शीऽन. डिक्शनरीत सापडला नाही. मग एक म्हातारा हातात दावं घेऊन बर्फातून चालतो. बाजार येतो. तिथे त्याला काळा बैल मिळतो, थोराड, कपाळावर पांढरा ठिपका. तो बैल घेऊन घरी येतो. इथवर ठीक. पण पुढे बैल लहान होत जातो, दर चार-पाच पानांनी. मी डोकं चालवलं. हा म्हातारा आमच्या म्हशाच्या जत्रेत, बैलबाजारात भेटतात त्यांच्यातला असणार, अदलाबदल करत बसणारा. थोराड देऊन मध्यम घेतला, मध्यम देऊन गोऱ्हा, गोऱ्हा देऊन वासरू. असला व्यवहार करणाऱ्याला आमच्याकडे बायको उंबरा ओलांडू देणार नाही. पण म्हातारा मात्र खूश. शेवटच्या पानावर ओलं वासरू मांडीवर घेऊन खदाखदा हसतोय.

सुदामची पेन्सिल पहिल्या तीसेक पानांत कुठेच नाही. बैल घराच्या दारात उभा आहे त्या पानावर ती सुरू होते आणि थेट शेवटपर्यंत जाते, शब्दाशेजारी बारीक अक्षरात अर्थ. त्याच दाराच्या पानावर खाली कोपऱ्यात लिहिलंय, 'पुढचं नंतर'. मला वाटतं, सुरुवातीला शब्दच नाहीत म्हणून त्याने ती सोडली असेल. पण शेवट गाठला. सुदामने जन्मात एक पुस्तक पुरं केलं नव्हतं, हे केलं. ते बघून मला बरं वाटलं. दीड वर्षात काही वाटलं असेल तर हेच. मला अजून रडू आलेलं नाही. वाडीतल्या बाया त्यावरून बोलतात.

शीऽन म्हणजे काय? आणि तो शेवटपर्यंत बरा होता ना? आमच्या चांद्याबद्दल, म्हणजे आमच्या बैलाबद्दल, काही बोलायचा का? एवढं कळवा.

रंजिता

*

भातसानगर, ता. शहापूर
२१ ऑगस्ट २००१

रंजिता,

तुझं पत्र आलं तेव्हा ड्युटीवर होतो. कंपनी सोडली मी, परत आल्यावर गेलोच नाही. आता इथे धरणावर पाण्याची पातळी लिहायला आहे. सकाळ-संध्याकाळ पट्टी बघायची आणि आकडा लिहायचा. तू म्हणतेस तसंच, काही वाटावं लागत नाही.

ते पुस्तक सुदामने जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचललं होतं, आत बैल दिसला म्हणून. तिथे आम्हाला जपानी शिकवायला एक बाई यायच्या. हे यंत्र आहे, ती खिडकी आहे, असलं घोकून घ्यायच्या. सुदाम वैतागायचा. म्हणायचा, खिडकी दिसते की, सांगायची कशाला? या पुस्तकात दिसतं ते कुणी सांगत नाही म्हणून त्याला आवडलं. माझ्याजवळ व्याकरणाचं जाड पुस्तक होतं. तीन महिन्यांत दुकानदार त्याच्याशी गप्पा मारायला लागले आणि मी व्याकरण धरून शेजारी उभा.

तू त्याच्यासारखंच वाच. आधी डिक्शनरी उघडू नकोस. पान नुसतं बघ, कोण कुणाकडे पाहतंय, हातात काय आहे. मग एकच शब्द लाव. अवघड चित्रासारखी अक्षरं दिसतात त्यांच्या कडेला बारीक सोपी अक्षरं असतात, तीच वाच, मोठ्यांना भिऊ नकोस. बोलण्याच्या फुग्याबाहेर चित्रातच काढलेले शब्द असतात ते आवाज. बैलाच्या तोंडाशी मोऽ दिसेल. पावलांचे, दार सरकल्याचे, सगळ्याचे आवाज ते लिहितात. शीऽन हाही आवाजच. कसलाच आवाज नसतो तेव्हाचा. गंमत आहे ना, शांततेलाही अक्षरं देतात.

पुस्तक त्याने पुरं केलंच असणार, पेन्सिल आहे ना शेवटपर्यंत. तो बरा होता, मजेत होता. चांद्याबद्दल तर रोज बोलायचा. आम्हाला सगळ्यांना चांद्याच्या खोड्या पाठ होत्या.

चहाचं मनात ठेवू नकोस. अडलं की लिही.

दीपेश

*

टोकावडे
३० सप्टेंबर २००१

दीपेशदादा,

आता सोपी अक्षरं सगळी येतात. आवाजांची पानं मी आधी वाचते, तिथे चूक होत नाही. बोलणं मात्र गोंधळाचं आहे. फुग्यात उत्तर आधी येतं आणि प्रश्न मागून. शेजारीण विचारते, याचं नाव काय, आणि म्हाताऱ्याने नाव आधीच सांगून झालेलं असतं. जपानी माणसं अशीच बोलत असतील म्हणून मी सोडून दिलं. दुसरं एक खटकतं. बैल बदलतात पण कपाळावरचा ठिपका तोच. चित्रं काढणाऱ्याने आळस केलाय.

शीऽन कळला. आमच्या घरात दीड वर्ष हेच आहे. बा सकाळी उठतो, रिकामा गोठा झाडतो, ओट्यावर बसतो. मी भाकरी वाढते, तो खातो. अंगणवाडीत मी पोरांची गाणी म्हणून घेते, हातवारेसुद्धा करते, पण ते कुणीतरी दुसरंच करतंय असं वाटतं.

तुम्ही लिहिलंत की तो रोज चांद्याबद्दल बोलायचा. म्हणून आता सांगावं लागतं. आम्ही चांद्याला विकला. सुदाम तिकडे असतानाच, २००० सालच्या म्हशाच्या जत्रेत. बाचा गुडघा गेला होता, नांगर धरायला घरात माणूस नाही, नुसता बांधून ठेवला तर बैल बिघडतो. धसईच्या धाऊने घेतला. आमच्यात जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, घेणारा आपलं नवं घेऊन येतो. बा चांद्याचं दावं हातात घेऊन म्हशाहून घरी आला आणि खुंटीला टांगून म्हणाला, "सुदामला लिवू नको. त्याचा तिकडं जीव लागायचा नाय." मलाही ते पटलं. सुदामच्या दर पत्रात चांद्या असायचा. मी लिहिलं, चांद्या बरा आहे.

माझं शेवटचं पत्र तेच. ते त्याला मिळालं का? त्याने ते खरं मानलं का? तो चांद्या गोठ्यात आहे असं समजून गेला की आम्ही खोटं लिहिलं हे त्याला कळलं होतं, एवढंच मला हवंय. तुम्ही एकाच खोलीत होतात. तुम्हाला माहीत असणार.

रंजिता

*

टोकावडे
१८ नोव्हेंबर २००१

दीपेशदादा,

दीड महिना झाला, तुमचं उत्तर नाही. भात झोडून झालं. भाऊबीज आली आणि गेली, मी त्या दिवशी कोंबड्यांचं खुराडं सारवलं.

परवा दुपारी मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसले होते. बा शेजारी सुपारी कातरत होता. त्याला अक्षर येत नाही, आपलंही नाही आणि त्यांचंही नाही. त्याने मान वाकडी करून पान बघितलं, मग पुस्तकच हातातून ओढून घेतलं. बराच वेळ पानं उलटली. मग म्हणाला,

"तू उलटी वाचतंस गो."

मी म्हटलं, "बा, तुला काय कळतंय त्यातलं?"

"अक्षरं नाय कळत. बैल कळतो. शिंगं बघ. तुज्या पयल्या पानांव हातभर, शेवटाला नुसता कोंब. शिंग कदी आत जातं का? यो एकच बैल हाय. कपाळाव चांद बघ."

मी म्हटलं, मग सुरुवातीला तो दावं घेऊन बाजाराला जातो ते? बाने बोट ठेवलं. "जात नाय, येतो. घेनारा नवं दावं नेतो. यो दावं बघ, झिजलेला हाय. यानं बैल इकला आनि दावं घेऊन घरी चाललाय."

मी खाकी कव्हर सोडवलं. ज्याला मी मागचा पुठ्ठा समजत होते त्यावर पुस्तकाचं नाव आणि वासराचं चित्र. बारीक अक्षरांचं छापखान्याचं पान मी जिथे पहिलं म्हणून बघितलं, ते शेवटचं. त्यांची पुस्तकं आपल्या शेवटापासून उघडतात. पानावरची चित्रंही उजवीकडून. प्रश्न आधीच होता आणि उत्तर मागून. सुदामने वहीत हे लिहिलं नाही कारण त्याला ते पहिल्याच दिवशी कळलं असेल.

तुम्हालाही माहीत होतं. मी दोन पत्रं भरून उलटी गोष्ट लिहिली आणि तुम्ही मला शांततेचं अक्षर समजावत बसलात.

म्हणजे सुदामने पुस्तक पुरं केलं नाही. वासरापासून सुरुवात करून तो म्हातारा बैल सोडून दाराबाहेर काढतो तिथवर आला, 'पुढचं नंतर' लिहिलं आणि थांबला. बाजार त्याने बघितलाच नाही. का थांबला ते सांगा. मला लागेल म्हणून लपवू नका. मला आता काही लागत नाही, हे मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.

रंजिता

*

भातसानगर
२ डिसेंबर २००१

रंजिता,

तुझं सप्टेंबरचं पत्र मी रोज खिशात घेऊन पट्टी बघायला जात होतो. उत्तर चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा त्यात खोटं आलं. हे पाचवं.

पुस्तक उजवीकडून वाचतात हे मला माहीत होतं. तू लिहिलंस की शेवट गाठला म्हणून बरं वाटलं, ते तुझ्याकडून काढून घ्यायचा धीर झाला नाही. आणि दुसरं कारण होतं. पुस्तक सुलटं झालं असतं तर तू हाच प्रश्न विचारला असतास, का थांबला.

तुझं पत्र त्याला मिळालं. फेब्रुवारीतला रविवार होता. तो खाटेवर बसून पुस्तक वाचत होता. पत्र वाचलं आणि मला म्हणाला, "रंजीनं लिव्हलंय चांद्या बरा हाय. बास, एवढंच. काय खातो, कुनाला ढुशी मारली, कायच नाय. रंजी एवढं कमी लिवत नाय." मग पुस्तक दाखवलं. "हा म्हाताराबी बैल घेऊन निघालाय बघ. मी पुढं नाय बघनार. मला घरी जायचंय दीपेश, गोठा बघून येतो." आणि तिथे पेन्सिलीने ते दोन शब्द लिहिले.

म्हणजे त्याला कळलं होतं. पुरतं नसेल, पण कळलं होतं. तो रागावला नव्हता. अस्वस्थ होता.

मी हसलो त्याला. म्हटलं, बैलासाठी विमानाने जाणारा तू पहिलाच. मार्चअखेर ट्रेनिंग संपतंय, सगळेच जाऊ, महिन्याने काय बिघडतं? त्याने साहेबांकडे रजा मागायला जायचं ठरवलं होतं. मी नाही जाऊ दिलं. मित्रासमोर हसं होईल असं वाटून तो गप्प बसला. पुढच्या गुरुवारी सकाळी कामावर जाताना रस्त्यावरचं बर्फ गोठलेलं होतं, त्याची सायकल घसरली, मागून ट्रक होता. हे तुम्हाला माहीत आहे. मी त्याला अडवलं नसतं तर त्या गुरुवारी तो तुमच्या ओट्यावर असता, हे तुम्हाला माहीत नव्हतं. अंगणात बॅग धरून दोन तास उभा होतो ते हेच सांगायला. नाही जमलं.

माझ्यावर राग धरलास तर बरोबरच आहे. माफी मागायला तोंड नाही.

दीपेश

*

टोकावडे
३ फेब्रुवारी २००२

दीपेशदादा,

तुमच्या पत्राला मुद्दाम उशीर केला नाही. पत्र वाचलं, घडी घातली, अंगणवाडीत जाऊन पोरांना खिचडी वाढली. राग यायला हवा हे कळतं, पण येत नाही. आला की कळवीन. खोटं मीही लिहिलंच होतं, स्वतःवरही अजून नीट रागवता आलेलं नाही. बाला तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्याने सुपारी तशीच हातात धरून ठेवली आणि एकच वाक्य मला परत वाचायला लावलं, रंजी एवढं कमी लिवत नाय, ते. दोनदा.

मग मी पुस्तक पहिल्यापासून सुलटं वाचलं. सुदामच्या पेन्सिलीबरोबर चालले की सोपं जातं. वासरू जन्मलं तिथे त्याने शेजारी 'आमच्यासारखंच' लिहिलंय. 'पुढचं नंतर'च्या पानावर थांबले. पुढे मीच पेन्सिल घेतली. त्या तीस पानांत बोलणं जवळजवळ नाही, सगळं बघायचंच आहे. बा रोज शेजारी बसायचा आणि मी एकेक पान उलटायची. वाट, बर्फ, बाजार, लोक बैलाचे दात बघतात. एवढ्या पानांत म्हातारा एकदाच बोलतो. दोन संध्याकाळी गेल्या माझ्या ते वाक्य लावायला. घेणाऱ्याला सांगतो, याला ओलं गवत घालू नका, पोट फुगतं.

बा म्हणाला, "बराबर हाय. मीबी धाऊला सांगितलं व्हतं."

मग दावं घेऊन परत येणं, आणि रिकामा गोठा. शीऽन. बाने त्या पानावर हात ठेवला, मी त्याला तो शब्द वाचून दाखवला, अर्थ सांगितला. दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ करून बा म्हणाला, म्हशाला जातो. दोन वर्षं जत्रेकडे फिरकला नव्हता. मला वाटलं देवाला जाईल आणि येईल. तर तो म्हशाला धाऊला गाठून त्याच्याच गाडीने धसईला गेला आणि तिसऱ्या दिवशी घरी आला. गुडघा सुजलेला.

मी विचारलं, चांद्या दिसला? म्हणाला, दिसला. ओळखलं का त्याने? म्हणाला, "नाय वळखलं. पेंढा खात व्हता."

हात-पाय धुऊन ओट्यावर बसला आणि म्हणाला, "त्याचं पुस्तक आन. शेवटाला कोरी पानं हायत ना? लिव."

मी लिहिलं. चांद्या विकला, पौषात, म्हशाला, तुला कळवलं नाही. धसईच्या धाऊकडे आहे. ओलं गवत देत नाहीत, भाताचा पेंढा देतात, वर कोंडा, आंबोण दोन वेळा. डाव्या शिंगाचं टोक मोडलंय, बाभळीला घासत होता. धाऊच्या मेव्हण्याला ढुशी मारून चिखलात पाडला, मेव्हणा आता मागच्या दाराने येतो. वाळत घातलेलं लुगडं चघळलं म्हणून धाऊच्या बायकोने शिव्या घातल्या आणि मग गूळ दिला. जोडीला तांबडा बैल आहे, भिमा नावाचा, त्याच्या आधी पाणी प्यायला बघतो. दावं आपल्याकडे आहे, खुंटीला. बा सांगत होता आणि मी लिहीत होते. दोन वर्षांत मिळून तो एवढं बोलला नव्हता. मध्येच मी हात झटकायला थांबले तर म्हणाला, "ढुशीचं लिव्हलंस का? कुनाला मारली ते नाव घातलंस?" घातलं.

रडू तेव्हाही आलं नाही. बोटं मात्र दुखली.

कोरी पानं चार होती. चारही भरली, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूलाही लिहिलं. तुम्ही इकडे कधी आलात तर बघा, मी या खेपेला कमी लिहिलेलं नाही. आणि आलात तर बॅग खाली ठेवा. चहा करते.

रंजिता